पुन्हा मुळाक्षरे गिरविताना

(मंडळाच्या वार्षिक सभेत दिलेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर करून लिहून दिले आहे.)



आपल्या चिटणीसबाई मागे एकदा पुस्तक बदलण्यास आल्या तेव्हा सहज म्हणाल्या, "तुम्ही ग्रंथालयातली मंडळी या वयात संगणक शिकलात म्हणे. ते कसे काय जमले, तेवढे आमच्या बायकांना येऊन सांगा." मी म्हटले, "मी काही वक्ती नव्हे. देवघेवीच्या टेबलामागे बसून बोलणे निराळे आणि व्यासपीठावर उभे राहून बोलणे निराळे." त्यावर त्या म्हणाल्या, "मग टेबलामागे बसल्यासारखेच बोला की!" तेव्हा आज मी तसेच बोलणार आहे. काही उणेअधिक झाले तर आपण सांभाळून घ्याल अशी खात्री आहे.

आपल्यापैकी पुष्कळजणी आमच्या सभासद आहेत. ग्रंथालय पूर्वी कसे चालत असे हे त्यांनी पाहिलेलेच आहे. नवे पुस्तक आले की दाखल नोंदवहीत त्याची नोंद व्हावयाची, त्याला दाखल अंक मिळावयाचा, मग विषयाप्रमाणे वर्गांक पडावयाचा, मग तालिकेचे पत्र तयार होऊन ते लाकडी खणात आपल्या जागी जाऊन बसावयाचे. हे सारे काम आमचे अण्णा करीत. अण्णा म्हणजे आमच्याकडील सर्वांत जुने लिपिक. अक्षर मोत्यासारखे. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात, कोणत्या फळीवर आणि सध्या कोणाच्या घरी आहे, हे ते वही न उघडता सांगत. असे सगळे सुरळीत चालले असता संगणकाची पीडा कशाला, असे मलाही वाटे. माझे हे मत कशाने बदलले ते आधी सांगते. त्यात मला भूषण वाटण्यासारखे काही नाही.

२०१९ सालच्या उन्हाळ्यात एक दिवस आमच्या जुन्या सभासद, एक आजीबाई, जिना चढून वर आल्या. त्या मला परकरी वयापासून ओळखतात. पिशवीतून मोबाइल काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, आता पुस्तकातली अक्षरे दिसत नाहीत बघ. नातवाने हा फोन दिला आहे. यात म्हणे पुस्तक दिसते आणि अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. मला हरिभाऊ आपट्यांचे 'पण लक्षात कोण घेतो?' एकदा पुन्हा वाचावेसे वाटते. कसे काढायचे ते दाखव."

मला ते काढता येत नव्हते. पण "मला येत नाही" एवढे साधे शब्द काही माझ्या तोंडून निघाले नाहीत. इतकी वर्षे गावाने मला ग्रंथपालबाई म्हणून मान दिला आणि आता सात-आठ वाचकांदेखत अडाणी ठरावयाचे! मी म्हटले, "आजी, फोनवर कुठे अशी पुस्तके असतात? नातवाने थट्टा केली असेल." आजींनी मुकाट्याने फोन पिशवीत टाकला आणि त्या जिना उतरून गेल्या. पुढे पुष्कळ दिवस त्या आल्याच नाहीत.

भगिनींनो, न येणे हा काही गुन्हा नव्हे. पण आपले न येणे झाकण्यासाठी मी त्यांना खोटे सांगितले. ज्या माणसाने वाचकाला पुस्तकापर्यंत पोहोचवावयाचे, त्यानेच वाट अडविली. ही टोचणी मनाला लागून राहिली.

पुढच्याच वर्षी, २०२० साली, करोनाची साथ आली आणि ग्रंथालयाला कुलूप लागले. वाचकांचे घरी फोन येत. कोणी विचारी, अमुक पुस्तक आहे का? कोणी विचारी, निदान काय काय आहे याची यादी तरी घरबसल्या पाहावयास मिळेल का? आमची यादी लाकडी खणात आणि खण कुलपात! कपाटे भरलेली असून आम्ही रिकाम्या हातांनी बसलो होतो. कुलूप निघाल्यावर कार्यकारी मंडळाने ठरविले की आता सर्व पुस्तकांची नोंद संगणकावर घ्यावयाची.

यासाठी आम्ही 'कोहा' नावाची प्रणाली घेतली. तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे. न्यूझीलंडमध्ये होरोफेनुआ नावाचा एक भाग आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालयाला १९९९ साली अडचण आली की जुनी प्रणाली २००० साल उजाडताच बंद पडणार आणि नवी विकत घेणे तर परवडत नाही. तेव्हा त्यांनी स्वतःसाठी नवी करवून घेतली आणि नंतर ती साऱ्या जगाला मोफत देऊन टाकली. कोहा हा तेथील माओरी लोकांचा शब्द आहे. त्याचा अर्थ भेट. तीही नुसती भेट नव्हे. आपल्याकडे आहेर करतात, तशी परतफेडीची जाणीव ठेवून घ्यावयाची भेट. आमच्यासारख्या तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथालयाला हा आहेर फार मोलाचा वाटला. गावातील महाविद्यालयाच्या ग्रंथपालबाईंनी ती प्रणाली बसवून देण्याचे कबूल केले.

आणि येथेच घात झाला. त्याआधी आठ महिने खपून अण्णांनी जवळजवळ तीन हजार पुस्तकांच्या नोंदी एका जुन्या संगणकावर टंकलिखित करून ठेविल्या होत्या. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधीत. त्या नोंदी कोहात घेतल्या तर काय, पडद्यावर सगळी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी! एकही नाव वाचता येईना. झाले असे होते की अण्णांना कोणी तरी जुन्या पद्धतीचा फाँट बसवून दिला होता. अशा फाँटात संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. तो साठवितो इंग्रजी अक्षर, आणि फाँट त्याच्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवितो. मुखवटा काढला की खाली गोंधळ. उलट युनिकोड म्हणून जी पद्धत आहे, तीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठराविक क्रमांक असतो. ही सोय १९९१ पासून आहे. पण आम्हाला ती सांगितली कोणी?

अण्णा पडद्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले. मग खुंटीवरची टोपी घेऊन काही न बोलता घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्याही दिवशी आले नाहीत. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. वहिनींनी चहा ठेवला. अण्णा म्हणाले, "बाई, माझी नोकरीची दोन वर्षे उरली आहेत. आजवर माझ्या कामावर कोणी हसले नाही. आता हसू होऊ देऊ नका. मला दाराशी वर्तमानपत्रे लावावयास बसवा, पण ते यंत्र नको."

मला काय बोलावे सुचेना. मग मी त्यांना आजीबाईंची गोष्ट सांगितली. ती तोवर मी कोणालाही सांगितली नव्हती. म्हटले, "अण्णा, तुम्ही निदान करून चुकलात. मी न करताच खोटे बोलले. आपल्या दोघांत अधिक अडाणी कोण ते तुम्हीच सांगा." अण्णा पहिल्यांदा हसले. दुसऱ्या दिवशी ते कामावर आले.

पण शिकावयाचे कसे? एकदा आम्ही शहरात जाऊन एक दिवसाचे प्रशिक्षण घेऊन आलो होतो. मोठे सभागृह, पुढे पडदा, पडद्यावर चित्रे सरकताहेत आणि वक्ते इंग्रजीमिश्रित मराठीत भराभर बोलताहेत. जेवण उत्तम होते. संध्याकाळी प्रमाणपत्रही मिळाले. मात्र दिवसभरात आमच्यापैकी एकाचाही हात कळफलकाला लागला नव्हता. आता पोळ्या लाटताना नुसते पाहून कोणाला पोळी येईल का? पहिली पोळी नकाशासारखी झाल्यावाचून दहावी गोल होत नाही, हे आपल्याला का सांगावयास हवे!

तेव्हा महाविद्यालयाच्या ग्रंथपालबाईंनी अमेरिकेतील एक उदाहरण सांगितले. शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलन ब्लोअर्स नावाच्या बाई होत्या. त्यांनी २००६ साली आपल्या नोकरवर्गासाठी एक उपक्रम काढला. व्याख्यान नाही, परीक्षा नाही. नऊ आठवडे आणि तेवीस लहान लहान गोष्टी. इंटरनेटवर स्वतःची रोजनिशी उघडा, एक छायाचित्र चढवा, आपल्या आवडीच्या पुस्तकांची यादी करा, असे एकेक. प्रत्येकाने आपापल्या वेळाने ती करून पाहावयाची आणि काय जमले, काय फसले, ते त्या रोजनिशीत लिहावयाचे. सगळ्या गोष्टी पुऱ्या करणाऱ्याला गाणी ऐकण्याचे छोटे यंत्र बक्षीस. आरंभी त्यांनी शिकणाऱ्याच्या साडेसात सवयी सांगितल्या होत्या. त्यांतली शेवटची अर्धी सवय म्हणजे खेळणे! पुढे अनेक देशांतील ग्रंथालयांनी हा उपक्रम उचलला. मला त्यातले मर्म असे वाटले की, मोठ्या माणसाला शिकावयाचे तर त्याला आधी चुकण्याची मोकळीक हवी, आणि ती वरिष्ठांनी दिली पाहिजे.

आम्ही आमच्या ऐपतीप्रमाणे त्याचे मराठी रूप केले. ग्रंथालय दुपारी बंद असते. दर गुरुवारी दुपारी दोन तास आम्ही चौघे एकत्र बसू लागलो: मी, अण्णा, देवघेवीवरची आमची तरुण सहायिका आणि आमच्या शिपाईण मावशी. रोजनिशीऐवजी शंभर पानी वही. नियम तीनच. एका गुरुवारी एकच गोष्ट. प्रत्येकाचा हात कळफलकाला लागलाच पाहिजे. आणि जे आपल्याला आले ते पुढच्या गुरुवारी दुसऱ्याला शिकवावयाचे. मी कार्यकारी मंडळाला आणखी एक गोष्ट मागितली, ती म्हणजे हे दोन तास कामाचे धरावे. एक सभासद म्हणाले, "शिकणे तर तुमच्याच फायद्याचे आहे, घरच्या वेळात शिका." मी म्हटले, "बँकेत कारकून शिकतो तो कामाच्या वेळात आणि ग्रंथालयात बाई शिकते ती घरच्या वेळात, हा न्याय कोणता? आणि बाईला घरचा वेळ तरी कुठे असतो?" थोडी चर्चा झाली, पण शेवटी दोन तास मंजूर झाले. आमच्या साऱ्या शिक्षणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही मंजुरी. नोकरांनी शिकावे असे सर्वांना वाटते, पण त्यासाठी वेळ द्यावयास सहसा कोणी तयार नसते.

पहिल्या काही गुरुवारांची वही आज वाचली की हसू येते. "अण्णांचा पासवर्ड अण्णाच विसरले." "बाईंनी पत्र स्वतःलाच धाडले." तिसऱ्या गुरुवारी युनिकोडात मराठी टंकलेखनाचा धडा होता. आमची बोटे अडखळत होती. एवढ्यात मावशी म्हणाल्या, "बाई, हे कशापायी बडवत बसता? मी तर फोनला नुसतं सांगते आन् तोच लिहितो." आणि त्यांनी आपला फोन तोंडाजवळ धरून दोन वाक्ये सांगितली. मराठी अक्षरे आपोआप उमटली! मावशींचे शिक्षण चौथीपर्यंतचे. मुलीला निरोप पाठविण्यासाठी त्या नातीकडून हे शिकल्या होत्या. त्या दिवशी मावशी आमच्या शिक्षिका झाल्या आणि आम्ही तिघे त्यांच्यापुढे मान खाली घालून बसलो. आजवर त्यांना काय येते हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

अण्णांच्या तीन हजार नोंदींचे काय झाले ते सांगावयाचे राहिलेच. जुन्या फाँटातील मजकूर युनिकोडात पालटणारे साधन असते. महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने ते चालवून दिले. पुष्कळसा मजकूर सुधारला, पण ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले. कारण जुन्या फाँटात वेलांटी अक्षराच्या आधी ठोकावयाची असते आणि युनिकोडात नंतर. आता हे दुरुस्त कोण करणार? मूळ नोंदवही ज्याने लिहिली तोच. अण्णा वही उघडून बसले आणि नाव न् नाव तपासू लागले.

आणि मग यंत्राची खरी उणीव ध्यानात आली. यंत्राच्या लेखी 'पु. ल. देशपांडे', 'देशपांडे पु. ल.' आणि 'देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण' ही तीन निरनिराळी माणसे होती. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांची तर त्याला ओळखच नाही. आमच्या सहायिकेने 'कळ्यांचे निःश्वास' या पुस्तकाची नोंद विभावरी शिरूरकर या नावाखाली केली. अण्णा म्हणाले, "ताई, त्याला मालतीबाई बेडेकरांच्या नावाशी जोडून ठेवा. १९३३ साली ते पुस्तक निघाले तेव्हा बाईमाणसाने असे लिहिले म्हणून गहजब झाला होता. विभावरी शिरूरकर हे त्यांचे टोपणनाव." तिला हे ठाऊक नव्हते. ती अण्णांना कळफलक शिकवी आणि अण्णा तिला लेखक शिकवीत. आता आपण घरबसल्या आमच्या यादीत मालतीबाईंचे नाव घालून पाहा, विभावरींची पुस्तकेही समोर येतील. ती यंत्राची हुशारी नव्हे, अण्णांची आहे. यंत्र आले म्हणजे जुने ज्ञान निकामी होते, हा समज मी त्या दिवसापासून सोडून दिला.

हळूहळू आमची मजल पुढे गेली. वाईच्या मराठी विश्वकोशाच्या नोंदी फोनवर वाचता येतात. मोल्सवर्थचा जुना कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर खुले ठेविले आहेत. 'इंटरनेट अर्काइव्ह' या ठिकाणी जुन्या मराठी पुस्तकांच्या पानापानांची छायाचित्रे आहेत. हे सारे फुकट असताना आम्हीच ते वाचकांपासून झाकून ठेविले होते असे म्हणावयास हवे.

यातच एक सावधगिरीची गोष्ट सांगते, कारण ती आपल्या मंडळालाही लागू आहे. व्हॉट्सॲपवर आपल्याला कोणी तरी शंभर पुस्तकांचा गठ्ठा पाठविते आणि आपण तो दहाजणींना पाठवितो. हेतू चांगला असतो. पण आपल्या देशात लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे पुस्तकावर त्याचा आणि त्याच्या वारसांचा हक्क असतो. हरिभाऊ १९१९ साली गेले, त्यांची पुस्तके आज सर्वांची आहेत. पण आजच्या लेखिकेचे पुस्तक असे वाटणे म्हणजे तिच्या ताटातले काढून घेणे. कोणते खुशाल वाचावे आणि कोणते विकत किंवा ग्रंथालयातून घ्यावे, हे सांगणे आता आमचे काम झाले आहे.

हरिभाऊंचे नाव निघाले, तेव्हा आजीबाईंकडे येते. एका गुरुवारी धडा होता जुने पुस्तक शोधून काढण्याचा. मी हटकून 'पण लक्षात कोण घेतो?' शोधावयास घेतले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा पान समोर उघडले. त्याच संध्याकाळी मी आजींच्या घरी गेले. त्या खाटेवर बसल्या होत्या. नजर आणखी मंद झाली होती. मी म्हटले, "आजी, मागे मी तुम्हाला खोटे सांगितले होते. पुस्तके फोनवर असतात. मला काढता येत नव्हती." त्या म्हणाल्या, "ते मला तेव्हाच कळले होते गं. तू लहानपणीही खोटे बोललीस की कान लाल व्हायचे." मग मी त्यांच्या फोनवर पान उघडले आणि दोन बोटांनी अक्षर मोठे करून दाखविले. एका वेळी चार-पाच शब्द मावत होते. त्यांनी ते बोटाने सरकवीत सरकवीत मोठ्याने वाचले. अर्धे पान वाचावयास पाव तास लागला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आता उरलेले तू वाच." तेव्हापासून आठवड्यातून एकदा मी किंवा आमची सहायिका तेथे जाऊन वाचीत असू. कादंबरी पुरी झाली. गेल्या वर्षी आजी गेल्या. मधली जवळजवळ दोन वर्षे त्यांची नजर बरी असताना मी फुकट घालविली, ही खंत मात्र राहिली आहे.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतल्या पाचव्यात ग्रंथालयाला वाढता जीव मानले आहे. परीक्षेसाठी मी ते पाठ केले होते, पण जीव वाढावयाचा तर त्यात काम करणारी माणसेही वाढली पाहिजेत, हे उमगावयास इतकी वर्षे गेली. शिवाय साधने काही कायमची नसतात. शार्लटच्या पाठोपाठ निघालेल्या अशा वर्गांतून पुष्कळांनी गुगल रीडर नावाचे साधन मोठ्या हौसेने शिकून घेतले. २०१३ साली ते बंदच पडले. आज आम्ही शिकलो त्यातलेही काही उद्या जाईल. पण न लाजता विचारण्याची सवय लागली, ती जाणार नाही.

भगिनींनो, आता थोडेसे मागणे. मंडळात किती तरी जणींच्या हाती फोन आहे. पण बँकेचा निरोप आला की आपण तो सुनेपुढे किंवा नातवापुढे धरतो, आणि नातू घाईत असला तर गप्प बसतो. कोणी फोनवरून आकडे विचारले तर द्यावेत की न द्यावेत, हेही विचारावयाची चोरी! आणि अशा भिडेपोटीच फसवणूक होते. तेव्हा कार्यकारी मंडळाच्या संमतीने मी असे सुचविते की दर गुरुवारी दुपारी ग्रंथालयाचे दार आपल्यासाठीही उघडे राहील. फी नाही, परीक्षा नाही. आपला फोन घेऊन या, एक वही घेऊन या. ज्यांना येते त्यांनीही या, कारण शिकविणारीण हवीच आहे. अण्णा आता सेवानिवृत्त झाले आहेत, पण गुरुवारी येतात. मावशीही असतील. हसण्यावर बंदी नाही, फक्त दुसरीला हसण्यावर आहे.

मंडळाने आजवर शिवण, भरतकाम, पाककृती असे पुष्कळ वर्ग चालविले. हाही त्यांतलाच एक समजावा. गुरुवारी भेटूच.